काचेवरचं पिल्लू

वीज गेली म्हणून कुरकुर करू नका रे. जनरेटर हवा असेल तर सरपंचाच्या घरी जा, तो पंखा लावून तुम्हाला मुरंब्यासारखं जपेल. इथं एक मेणबत्ती आहे, उकडलेल्या शेंगा आहेत आणि मी आहे. ती बाटली जरा इकडे सरकव बघू. घसा कोरडा असला की मला भुतं आठवत नाहीत.

ही गोष्ट कुणाच्या चुलत्याच्या मेव्हण्याची नाही. ज्याच्यावर ती गुदरली त्याला मी ओळखतो, आणि तो अजून जिवंत आहे. तुरुंगात आहे. मी भेटायला गेलो होतो, तेव्हा गजाआडून डाव्या हातानं सिगारेट ओढत त्यानंच मला सगळं सांगितलं. उरलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा मधे फिदीफिदी हसू नका.

तर, देल्फिनला एक पिल्लू आणायला पाठवलं होतं. कोंबडीचं पिल्लू. नोव्हेंबरची चौदा तारीख, गुरुवार, सकाळचे नऊ. ऊन छान पडलं होतं. देल्फिन आपली साइडकारची मोटरसायकल फडक्यानं पुसत होता, तेवढ्यात लोला सायोंग, आपल्या सगळ्यांच्या आजी, जिन्यावर आल्या.

"फिन, जा रे बाबा, एक पिल्लू घेऊन ये. चांगलं टोचणारं बघ. नाहीतर आणशील तुझ्यासारखं, खाऊन झोपणारं."

"आणतो लोला," देल्फिन म्हणाला, आणि गाडीला किक मारली.

तुमच्यातले जे शहरात शिकायला गेलेत त्यांच्यासाठी सांगतो. माणूस आपल्या मरणानं गेला नसेल, कुणीतरी मारला असेल आणि मारणारा सापडत नसेल, तर आपण शवपेटीच्या काचेवर जिवंत पिल्लू सोडतो. काचेवर तांदूळ टाकतो. पिल्लू इथं दाणे टोचतं आणि तिकडे मारणाऱ्याच्या काळजाला टोच बसते. लोला सायोंगचे थोरले भाऊ, आपले लोलो उस्तिंग, गावाचे आजोबा, त्या पेटीत निजले होते. आदल्या दिवशी पहाटे ते पुलाजवळच्या वळणावर सापडले. कुठल्याशा गाडीनं उडवलं होतं. पोलीस आले, कागद भरला, कॉफी प्यायले आणि गेले.

आता तुम्हाला उगाच टांगून ठेवत नाही. ती गाडी देल्फिनची होती.

मंगळवारी रात्री तो एका बाप्तिस्म्याच्या जेवणावरून पिऊन येत होता. पुढचा दिवा आठवडाभर बंद होता. वळणावर धक्का बसला. त्यानं गाडी थांबवली, मागं गेला, काडी पेटवली. खाली लोलो उस्तिंग. त्याचे धर्मबाप! बाप्तिस्म्याच्या दिवशी ज्यांनी त्याला हातांवर धरलं होतं, ते. म्हातारा जिवंत होता. त्यानं देल्फिनला ओळखलं.

"फिन... बरं झालं तू आलास. पाय हलत नाही रे."

देल्फिननं काडी जवळ धरली.

"माझं राहू दे. ही गोळी घरी दे आधी. निंग तापलीय." आणि हात पुढे केला.

निंग म्हणजे त्यांची नात, आठ वर्षांची. तिची आई रोवेना दोहाला लोकांची पोरं सांभाळते. बापाचा पत्ता नाही. पोरगी तीन महिन्यांची होती तेव्हापासून म्हाताऱ्यानं वाढवली. केस तोच विंचरायचा, भांग नेहमी वाकडा. पोरगी झोपायची ती त्याच्या कानाची पाळी धरून, त्याशिवाय डोळा लागायचा नाही. संध्याकाळी चर्चची घंटा झाली की ती कुठं असेल तिथून धावत यायची, त्याचा हात कपाळाला लावायची, आणि तो दरवेळी तेच म्हणायचा, "मोठी हो, पण सावकाश." त्या रात्री तिचं अंग तव्यासारखं तापलं होतं, म्हणून दहा वाजता म्हातारा बॅटरी घेऊन दोन किलोमीटर चालत लुदीच्या दुकानावर गेला. लुदीनं झोपेत, अंधारात, कात्रीनं पट्टीतून चार गोळ्यांचा तुकडा कापून दिला. वाकडातिकडा कापला.

देल्फिननं तो तुकडा घेतला नाही. गोळी घरी दिली असती तर कुठं मिळाली, कुणी दिली, हे सांगावं लागलं असतं. त्यानं काडी फुंकली आणि निघून गेला. मागून त्याला दोनदा हाक ऐकू आली. म्हातारा पहाटेपर्यंत जिवंत होता, असं डॉक्टर म्हणाले. पोरगी रात्रभर दाराकडे बघत तापात पडून होती. माणसाच्या हातून अपघात होतो रे, मी समजू शकतो. पण हे मी समजू शकत नाही आणि समजून घेणारही नाही.

तर असा माणूस पिल्लू आणायला निघाला होता.

आमादोरच्या खुराड्यात दीडशे पिल्लं होती. देल्फिननं कोपऱ्यातलं एक उचललं. मान पडलेलं, डोळ्यांवर पापणी.

"अरे, हे संध्याकाळपर्यंत टिकायचं नाही," आमादोर म्हणाला. "दुसरं घे."

"हेच दे. मांजराला हवंय."

बघा, तोही मानत होता. मानत नसता तर कुठलंही आणलं असतं.

पिल्लू पाहून लोला सायोंग कडाडल्या. "हे काय आणलंस? हे टोचणार? ह्याला तर माझ्या भावाच्या शेजारी निजवावं लागेल!"

"बाकीची विकली गेली होती, लोला."

काचेवर ठेवल्याबरोबर पिल्लू आडवं झालं. तेव्हा निंग पुढं आली. दोन दिवस ती एक शब्द बोलली नव्हती. तिनं पिल्लू उचललं, फ्रॉकच्या गळ्यातून आत, काखेत ठेवलं, आणि भात चावून चावून त्याच्या चोचीत घालायला लागली. रात्री पेटीखाली चटईवर झोपली ती त्याला घेऊनच. उठून टाचा उंचावल्या की लोलोची मूठ पेटीच्या काचेतून तिला दिसायची. ती मूठ कुणालाच उघडता आली नव्हती. बोटांमधून चांदीच्या कागदाचा एक कोपरा तेवढा बाहेर आला होता. लोला सायोंग म्हणाल्या, "राहू दे. पोरीसाठी आणत होता, पोरीचंच घेऊन जाऊ दे." वरून जपमाळ गुंडाळली.

शुक्रवारी पिल्लानं मान उचलली. शनिवारी ते काचेवर उभं राहिलं.

आम्ही अंगणात पत्ते खेळत होतो. मी हरत होतो, ते सोडा. देल्फिन माझ्यासमोर. सगळ्यांपेक्षा जास्त राबत होता तो त्या घरी. पाणी आण, खुर्च्या आण, कॉफी वाट. लोक म्हणायचे, धर्मपुत्र असावा तर असा! आणि आतून आवाज आला.

टोक.

देल्फिनच्या हातातून पान पडलं.

टोक. टोक. टोक.

"काय रे, राणी पाडलीस?" मी म्हटलं. "डाव सोडतोस की काय?"

तो हसला. पण कपाळावर घाम होता, आणि नोव्हेंबर होता.

सोमवारी दफन. पेटी उचलायच्या आधी लहान पोरांना पेटीवरून या हातातून त्या हातात देतात, ठाऊक आहे ना? म्हणजे गेलेला माणूस त्यांच्या ओढीनं परत येत नाही. रोवेनाला सुट्टी मिळाली नव्हती. तिनं फोनच्या पडद्यावर बापाचं तोंड पाहिलं आणि तिकडे परक्याच्या स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबल्यासारखी रडली. ते बघवत नव्हतं. आणि देल्फिन मधेच म्हणाला, "निंगला आधी द्या. म्हाताऱ्याचा जीव हिच्यातच अडकलाय."

"मला नाही जायचं!" निंग ओरडली. "मला ओलांडवू नका! लोलो यायचेत!"

देल्फिननं तिला धरलं, उचललं. तिनं त्याच्या उजव्या हाताचा असा कडकडून चावा घेतला की अंगठ्याखाली रक्त आलं. हात सुटला. पोरगी पिल्लासकट घराखालच्या खांबांमध्ये शिरली आणि प्रेतयात्रा फाटकाबाहेर पडेपर्यंत बाहेर आली नाही. ती ओलांडायची राहिली. झाकण मी लावलं, स्क्रू मी पिळले. ती मूठ, तो चांदीचा कोपरा मी शेवटचा पाहिला.

नऊ दिवसांच्या प्रार्थना लोलो गेले त्या दिवसापासूनच चालू होत्या. रोज संध्याकाळी लोक जमायचे. पिल्लू आता घरभर हिंडायचं, पण देल्फिन आला की थेट त्याच्याकडे. पायाच्या अंगठ्यावर टोचायचं. दहा माणसं बसलेली, त्यात त्याचाच अंगठा.

"प्रेमात पडलंय रे तुझ्या!" बायका हसायच्या.

निंग हसायची नाही. ती बघत राहायची. बुधवारी ती त्याच्या गाडीजवळ जाऊन उभी राहिली.

"कुया फिन," दादा म्हणावं तशी हाक मारून तिनं विचारलं, "हा दिवा नवीन आहे?"

"हो. का गं?"

"कधी लावलास?"

"लावला असेल मागं कधीतरी. जा, खेळ जा."

"आणि हा पत्रा कशानं चेपला?"

"नारळ पडला."

"बाजूनं?" निंग म्हणाली. "उद्या नववा दिवस. उद्या लोलो येतात घरी. मी त्यांना विचारणार आहे."

आठ वर्षांची पोर रे! पोलिसांना जे सुचलं नाही ते तिनं विचारलं. देल्फिन मला म्हणाला, त्या क्षणी मला तिचा जीव घ्यावासा वाटला. असंच म्हणाला. मीही तुम्हाला तसंच सांगतोय, साखर न घालता.

गुरुवार, एकवीस तारीख. शेवटची प्रार्थना झाली, शेवया झाल्या, तांदळाची खीर झाली. गेलेल्या माणसासाठी एक ताट वेगळं काढून ठेवलं. बरीच माणसं गेली. आम्ही चारपाच जण पत्ते घेऊन अंगणात. संध्याकाळपासून निंगचं अंग कोमट होतं, ते अकरानंतर भडकलं. दात वाजायला लागले. लोला सायोंग बाहेर आल्या.

"फिन, गाडी काढ रे. लुदीला उठव. तापाची गोळी आण."

नऊ रात्रींपूर्वी म्हातारा ह्याच कामाला गेला होता. तीच पोरगी, तोच ताप, तेच दुकान.

"जातो लोला," देल्फिन म्हणाला.

बाकीचं त्याच्या तोंडचं.

टोपी घ्यायला तो आत गेला. निंगच्या उशाशी खोक्यात पिल्लू होतं. त्यानं ते उचललं आणि शर्टाच्या खिशात घातलं. पुलावरून फेकून द्यायचं ठरवलं होतं. वळला, तर पोरीचे डोळे उघडे. लालबुंद.

"कुया, पुलाजवळ थांब हं," ती म्हणाली. "लोलो तिथं उभे आहेत."

तो निघाला. अकरा चाळीस. रस्त्यावर कुणी नाही. नवा दिवा लख्ख. आणि गाडी चालवता चालवता त्याच्या मनात आलं, घाई कशाला? गोळी उशिरा गेली तर? पोरगी तापात गेली, तर विचारणारं कुणी उरत नाही. त्यानं गाडी हळू केली. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे बघत नव्हता. मीही त्याच्याकडे बघत नव्हतो.

पूल आला.

दिवा गेला.

इंजिनही बंद. त्यानं किक मारली. दोनदा. तीनदा. नाही.

खिशात पिल्लू हललं. त्यानं हात घातला. पिल्लानं टोचलं, हातावरून उडी मारली, रस्त्यावर पडलं आणि अंधारात गेलं. चिव... चिव... मग तेही नाही.

खाली ओढ्याचं पाणी. वर नारळाची झाडं. वारा नाही.

आणि साइडकार वाकली. कुणी चढून बसलं की वाकते, तशी.

त्यानं बघितलं नाही.

टोक.

साइडकारच्या पत्र्यावर. आतून.

टोक... टोक...

"पिल्लू असेल," तो स्वतःशी म्हणाला. मोठ्यानं म्हणाला.

"पिल्लू पुढं गेलं रे, फिन."

...

"पोरगी तापलीय."

...

"त्या रात्री दोनदा हाक मारली तुला."

देल्फिनला पळायचं होतं. पाय हलत नव्हता. म्हातारा म्हणाला होता ना, पाय हलत नाही रे... अगदी तसा.

अंधारातून एक मूठ पुढं आली. जपमाळ गुंडाळलेली. ओल्या मातीचा वास. मूठ त्याच्या उजव्या हातावर आली. निंग चावली होती त्या जागी टेकली. हळूहळू उघडली.

"तेव्हा घेतली नाहीस."

...

"आता धर."

गार बोटांनी त्याची बोटं मिटवली. एक. मग दुसरं. पाचही.

"आता सोडू नकोस."

साइडकार वर आली.

...

मेणबत्तीकडे बघू नका, ती वाऱ्यानं हलतेय. बरं, आता मी पाहिलेलं.

साडेबारा वाजले तरी देल्फिन आला नाही. मी पत्ते टाकले आणि सायकल काढली, म्हटलं मीच जातो. जाण्याआधी पोरीला एकदा बघावं म्हणून आत डोकावलो. निंग घामानं न्हाली होती. कपाळाला हात लावला, तर गार. लोला सायोंग उशाशी जपमाळ हातात घेऊन बसल्या बसल्या झोपल्या होत्या. पोरीची दोन बोटं कानाची पाळी धरल्यासारखी मिटलेली, हवेत. मी हलवलं तेव्हा तिनं जीभ बाहेर काढली.

"कडू," ती म्हणाली. "लोलो म्हणाले, पाण्याबरोबर गीळ. मग म्हणाले, मोठी हो, पण सावकाश." आणि कूस बदलून झोपली.

पोरं तापात काहीही बोलतात. मी तसंच समजलो.

पहाटे तीनला देल्फिन चालत आला. गाडी नाही, चपला नाहीत. आमच्या पत्त्यांच्या टेबलासमोर गुडघ्यांवर बसला. "मी मारलं," म्हणाला. "जिवंत होते. मी सोडून गेलो." उजवी मूठ छातीशी घट्ट. लोला सायोंग बाहेर आल्या, त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं मारतील. त्या फक्त थुंकल्या. निंग दारात आली होती, अंगाला चादर. तिला सगळं ऐकू गेलं. देल्फिन तिच्याकडे बघून म्हणाला, "मला माफ कर गं."

"लोलोंना पाणी तरी दिलंस का?" तिनं विचारलं.

त्यानं मान हलवली. नाही.

"मग नाही," निंग म्हणाली, आणि आत गेली.

मला त्याची दया आली का, असं विचारू नका. नाही आली. अजूनही येत नाही.

पिल्लू सकाळी दूधवाल्याला रस्त्यात दिसलं, घराकडे तोंड करून चाललेलं. आता त्याची कोंबडी झालीय, अंडी घालते. निंग ती कुणाला देत नाही.

पोलीस देल्फिनला आधी तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेले, कारण मूठ उघडत नव्हती. मी बरोबर होतो. डॉक्टरनं सुई टोचली, दोघांनी धरून एकेक बोट सोडवलं. आत जे होतं ते एका कागदात गुंडाळून मी लुदीच्या दुकानात आणलं. डॉक्टरनं सोडवलेली ती बोटं संध्याकाळी परत मिटली, ती आजतागायत.

लुदीनं डबा उघडला. तिची उरलेली पट्टी काढली, जिच्यातून तिनं त्या रात्री तुकडा कापला होता. दोन्ही शेजारी ठेवले. वाकडातिकडा काप... इकडचा कोपरा तिकडच्या खाचेत नेमका बसला. मी पेटीचे स्क्रू पिळले होते रे. माझ्या हातांनी.

"चार दिल्या होत्या मी त्यांना," लुदी म्हणाली.

मी मोजल्या. तिनं मोजल्या.

तीन होत्या. चौथ्या गोळीच्या जागी चांदीचा कागद फोडलेला होता.